शेपटीत धरलेली काठी

जुन्या काळी सात रानांची मिळून पळण्याची शर्यत भरत असे. प्रत्येक चमूत चौघे असत. एकाने पळत जाऊन पुढच्याला काठी द्यायची, अशी ती शेवटपर्यंत न्यायची. आमराईतल्या माकडांची रीत न्यारी होती. ती पळता पळता, मागे न बघता, शेपटीने काठी घेत.

पण शेवटचा गडी टिपऱ्या मागे वळून बघायचाच. मागच्या वर्षी असंच झालं. शेपटी हलली, काठी पडली आणि हातची शर्यत गेली. "यंदा पडली तर तू चमूत नाहीस," असं म्होरक्याने त्याला बजावलं होतं.

"भिकूकाका, तुमचे गुडघे दुखतात. वेळेवर पोचाल ना?" टिपऱ्याने तिसऱ्या गड्याला विचारलं.

"गुडघ्यांचं मी बघतो. तू समोर बघ म्हणजे झालं!"

शर्यत सुरू झाली. हरणं पुढे होती. काका खुणेच्या दगडापाशी येताच टिपऱ्या सुसाट निघाला. मान वळू पाहत होती, पण त्याने ती वळू दिली नाही.

"धर!" मागून हाक आली आणि काठी शेपटीत घट्ट बसली. तिकडे हरणं तोंडातली काठी द्यायला थांबली होती. टिपऱ्या वीतभर अंतराने जिंकला!

आमराईवाल्यांनी दोघांना खांद्यावर घेतलं.

"काका, एवढे जोरात कसे पळालात?"

"तू मागे न बघता निघालास रे! मग मला पोचणं भागच होतं."

"मग पुढच्या वर्षी मी डोळेच मिटून पळतो!"

"नको रे बाबा, झाडावर आपटशील!"