सुभानाचा दगड

फार पूर्वी एका घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं. एकदा शत्रू घाट चढून आला, तेव्हा गावातल्या अकरा शिपायांनी खिंड अडवून धरली आणि गाव वाचवलं. त्या अकरांपैकी एकही परतला नाही. गावानं वेशीबाहेर त्यांच्या नावाचे अकरा वीरगळ उभे केले आणि दरवर्षी त्या तिथीला तिथं जमायचं ठरवलं.

रीत अशी होती. एकेका मुलाला एकेका वीराचं नाव मिळे. आठ दिवस आधीपासून त्यानं वीराच्या घरी जायचं, तो कसा होता ते विचारायचं आणि त्या दिवशी दगडापाशी उभं राहून साऱ्या गावाला सांगायचं. मूल अडखळलं तर नगाऱ्यावर सात ठोके पडत. सातव्या ठोक्यापर्यंत ते बोललं नाही, तर दगड आडवा पाडत. ज्याच्याबद्दल सांगायला कुणी उरलं नाही त्याचा दगड उभा तरी कशाला ठेवायचा, असा गावाचा कडक हिशेब होता.

काही वर्षं गेली. घरोघरी जाऊन विचारायचा मुलांना कंटाळा येऊ लागला. मग मोठ्यांनीच त्यांना एक तयार वाक्य शिकवून ठेवलं: "हा वाघ होता, यानं दहा शत्रू लोळवले." पुढं दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभर. शत्रू आले होते जेमतेम दोनशे, पण आमच्या या शहाण्या गावानं त्यातले अकराशे मारले! ऐकायला झकास वाटे, म्हणून कुणी हटकलं नाही.

विसाव्या वर्षी तुळसा नावाच्या मुलीला सुभानाचं नाव मिळालं. सुभानाची म्हातारी आई वरच्या माळावर एकटी राहायची. चढण मोठी. उद्या जाईन, उद्या जाईन म्हणत तुळसाचे आठही दिवस खेळण्यात गेले.

तिथी उजाडली. दहा मुलांनी दहा वेळा शंभर शत्रू लोळवले. शेवटी पाटलांनी पुकारलं, "सुभाना!"

तुळसा पुढं झाली. "सुभाना वाघ होता, यानं शंभर..."

तेवढ्यात तिची नजर वर गेली. सुभानाची आई दगडावर हात ठेवून उभी होती. तुळसाचे शब्द ऐकले आणि तिनं हात काढून घेतला, जणू तो चुकून परक्याच्या दगडावर पडला होता.

तुळसानं वाक्य अर्ध्यावरच सोडलं. नगाऱ्यावर पहिला ठोका पडला.

"अगं, शंभर म्हन आन् मोकळी हो!" मागून तिची आई कुजबुजली.

दुसरा ठोका.

"खोटं हाय ते," तुळसा म्हणाली. "मला ठावं न्हाई सुभाना कसा व्हता. मी इचारलंच न्हाई."

तिसरा ठोका. पाटलांचा चेहरा उतरला, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी मान हलवली, तसे दोन गडी पुढं आले आणि त्यांनी दगडाखाली पहार घातली. चौथा ठोका पडला.

तुळसा म्हातारीकडं वळली. "आजे, माझं चुकलं. मी आलेच न्हाई तुझ्याकडं."

"आठ दिस दार उघडं ठिवलं व्हतं गं," म्हातारी म्हणाली.

पाचवा ठोका.

"आता सांग, आजे. कसा व्हता तुझा सुभाना?"

जे सांगायचं होतं ते म्हातारीनं वीस वर्षं मनात दाबून ठेवलं होतं. सांगावं तर गाव पोराला भित्रा म्हणणार, न सांगावं तर दगड पडणार. अखेर ती वाकली आणि तुळसाच्या कानात काहीतरी बोलली.

सहावा ठोका पडला. दगड हलला.

तुळसानं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं, "सुभाना भ्याला व्हता!"

"काय बोलतीस, पोरी?" पाटील गरजले.

"भ्याला व्हता. वेशीपासनं दोनदा माघारी आला. आईच्या कुशीत तोंड खुपसून रडला. म्हनला, आये, मला मरायचं न्हाई. मग डोळं पुसलं आन् तिसऱ्यांदा गेला. गेला तो गेलाच."

नगारेवाल्याचा हात वरच्या वर थांबला.

मग गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याच्याही मुलाचा दगड तिथं होता.

"माझाबी रडला व्हता," तो म्हणाला. "मी म्हनलो, रडतोस काय? चालता हो. माझं त्येच्याशी शेवटचं बोलनं त्येच."

आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. मग कोण कुणाला आवरणार? सारं गाव रडलं, आणि मी म्हणतो, वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वीरांसाठी रडलं.

पाटलांनी पागोटं उतरवलं आणि सुभानाच्या दगडापुढं डोकं टेकवलं. मग ते बाकीच्या दहा मुलांकडं वळले. "शंभराची गोष्ट आजपासनं बंद. जावा एकेकाच्या घरी. इचारून आल्याबिगर आज कुनी जेवायचं न्हाई."

मुलं पळाली. तुळसा मात्र म्हातारीचा हात धरून माळाची चढण चढू लागली. अजून पुष्कळ ऐकायचं राहिलं होतं.

तात्पर्य एवढंच: वीरांना वाघ म्हटलं की आपलं काम संपत नाही. ते आपल्यासारखेच भिणारे होते आणि तरीही गेले, हे मुलांना कळणं हाच त्यांचा खरा मान.