दोन नद्यांचा गुणाकार

त्या राज्यात दोन नद्या एकाच बांधाला येऊन मिळत. दोन्ही फुगल्या की पाण्याचा जोर बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढे, आणि बांधाचा दरवाजा त्या गुणाकाराइतकाच उचलावा लागे. कमी उचलला तर बांध फुटे, जास्त उचलला तर खालचं गाव वाहून जाई.

गुणाकारासाठी राजधानीत गणनागृह होतं. तिथे दोनशे माणसं मणी मोजत. उत्तर शेवटच्या मण्यापर्यंत अचूक असे, पण मागच्या पुरात ते पोचण्याआधीच सगुणा पाथरवटणीची बहीण वाहून गेली होती.

सगुणाने बांधावरच्या कातळात तीन चऱ्या कोरल्या. कातळ उंच, तिथवर चऱ्यांसाठी पाणी डोक्यावरून न्यावं लागे, दिवसाला एकच घागर. म्हणून चऱ्या केसाएवढ्या. नद्यांत तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या दोऱ्या दोन चऱ्यांची तोंडं कमीजास्त उघडत; पहिलीने सोडलेल्या पाण्यातला वाटा दुसरी पुढे सोडे, आणि तिसरीत पाणी गुणाकाराइतकं चढे. तिसरीच्या काठावर दरवाजा किती विती उचलायचा त्याच्या खुणा होत्या. मोजायला कुणीच लागत नसे. मात्र धार इतकी बारीक, की दगड जरा तापला तरी पाणी थरथरे.

गणनाप्रमुख त्रिंबकपंत ते पाहून म्हणाले, "थरथरतं ते उत्तर नव्हे, बाई."

एका दुपारी दोन्ही नद्या एकदम चढल्या. जासूद आकडे घेऊन राजधानीकडे धावला. दरवाजाच्या रहाटावर भैरू उभा होता. बांधाच्या सांध्यांतून पाणी पाझरू लागलं.

"सगुणाबाई, किती उचलू?"

"साडेतीन वीत."

"पाणी हलतंय की! साडेतीन का पावणेचार?"

"हलतंय खरं. पण नदी तरी कुठे थांबलीय?"

"आणि चुकलं तर?"

"खाली माझी लेक आहे, भैरूदादा. उचला."

त्याने रहाट फिरवला. तोवर चरीतलं पाणी चढलं होतं. "चार," ती म्हणाली. मग "साडेचार." मग "पुन्हा चार, लवकर!" तिने चरीवरची नजर काढली नाही. एकदा दरवाजा अंमळ जास्त उचलला गेला. घाटाच्या खालच्या पायऱ्या आणि दोन नावा वाहून गेल्या. संध्याकाळी गावातल्या चुलींचा धूर दिसला, तेव्हा भैरूने रहाट सोडला. त्याचे तळवे सोलून निघाले होते.

तिसऱ्या दिवशी त्रिंबकपंत स्वतः उत्तर घेऊन आले. त्यात एका मण्याचीही चूक नव्हती. ते काठावर गेले, कागद उलगडला, आणि ज्या पाण्याचा तो आकडा होता ते पाणी शोधत समुद्राच्या दिशेने पाहत राहिले.