जांभळीवाला कासार

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक कासार आणि त्याची बायको राहायची. घर लहान, मागं दहा हातांचं परसदार. तिथं एखादं फळझाड असावं असं बायकोला वाटलं, म्हणून कासार बाजारात रोपं विकणाऱ्या माळणीकडे गेला.

"परसदार केवढं?" माळणीनं विचारलं.

"दहा हात."

"मग लिंबू न्या, डाळिंब न्या, नाहीतर अंजीर. बेतानं वाढतात. हात वर केला की फळ हाताशी."

कासारानं नाक मुरडलं. "छे! मला जांभळीचं रोप द्या. लांबून दिसलं पाहिजे. बायकांनी म्हणावं, ती जांभळ दिसते ना, तिथं बांगड्या भरायला जायचं!"

"दादा, ते झाड तीस हात जातं, आणि लाकूड ठिसूळ. आडवं पडलं तर कुठवर पोचेल, ते मोजून मग खड्डा घ्यावा."

"लावायच्या आधीच पाडता होय!" कासार हसला आणि जांभळीचं रोप घेऊन घरी आला.

झाड वाढलं, आणि काय वाढलं म्हणता! काही वर्षांत ते छपराच्या कितीतरी वर गेलं. चार गावांच्या बायका त्या खुणेनं येऊ लागल्या. लोक त्याला जांभळीवाला कासार म्हणू लागले, तशी स्वारी ऐटीत चालायला लागली. पुढं त्याला मुलगी झाली. तिची झोळी माजघरात बांधली.

मग एका दुपारी वारा नाही, काही नाही, आणि मांडीएवढी फांदी कडाड्कन मोडून धुण्याच्या दगडावर पडली. बायको नुकतीच तिथून उठली होती. कुणी बघत नाही असं पाहून कासारानं बुंध्यापासून पावलं मोजली. आधी स्वयंपाकघर, मग माजघर, मग लेकीची झोळी. झाड पडलं तर झोळीच्याही पुढं पोचत होतं.

त्या दिवसापासून त्याचं सुख गेलं. जरा वारा सुटला की भिंतीवर टांगलेल्या बांगड्यांच्या माळा किणकिणायच्या आणि त्याचा घास हातातच राहायचा.

"अहो, मला भीती वाटते हो," एकदा बायको म्हणाली. "पाडून टाकू या का ते झाड?"

खरं तर तिच्यापेक्षा तोच जास्त भ्यायला होता. पण जांभळीवाल्या कासारानं जांभळच तोडली, तर लोक काय म्हणतील? तो मोठ्यानं हसला. "वाऱ्याला भिणारी बायको माझ्याच नशिबी होती का! कुणाला सांगू नकोस, हसतील."

बिचारीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

वैशाखात कासार खिंडीपलीकडच्या गावी बांगड्या भरायला गेला. भर दुपारी अंधारून आलं आणि असा वारा उठला की माणसं भिंती धरून उभी राहिली. कासारानं पेटारा तिथंच टाकला आणि तो पळत सुटला. "देवा, आजचा दिवस सांभाळ, उद्याच कुऱ्हाड लावतो," असं पुटपुटत तो खिंडीत पोचला. तिथून त्यानं गावाकडे पाहिलं. गाव होतं, घरं होती, जांभळ नव्हती.

रडत, ठेचकाळत तो कसाबसा घरी आला. माजघराचं छप्पर खाली बसलं होतं आणि झोळीच्या जागी खोड आडवं पडलं होतं. "छकुले!" त्यानं हंबरडा फोडला आणि तो हातांनी कौलं उपसू लागला. फुटक्या बांगड्यांनी हात रक्तबंबाळ झाले, तरी थांबेना.

"अहो! अहो, इकडे!"

बायको शेजारच्या कुंभाराच्या ओट्यावर उभी होती, लेकीला छातीशी घट्ट धरून. कासारानं धावत जाऊन दोघींना मिठी मारली. "बरं झालं गं, तुला सुचलं!"

ती म्हणाली, "बांगड्या वाजायला लागल्या तशी निघाले. तुम्ही घरात नव्हता, म्हणून निघाले. असता, तर हसाल म्हणून तिथंच बसून राहिले असते."

पुढं घर पुन्हा उभं राहिलं, तेव्हा लिंबाचं रोप आणायला निघण्याआधी कासार बायकोजवळ बसला आणि म्हणाला, "तुला कशाकशाची भीती वाटते, ते आधी सांग."

तात्पर्य काय, तर आपल्या हौसेपायी घरच्यांना जीव मुठीत धरून राहावं लागत असेल, तर त्यांच्या भीतीला हसू नये, आणि आपली भीतीही लपवू नये.