झिरपणारी बोळकी

फार पूर्वी गोदूताई वैद्यांकडे मातीची एक बोळकी होती. ती झिरपायची, म्हणून एके दिवशी संध्याकाळी तिला उकिरड्यावर टाकणार होते.

त्याच दिवशी दुपारी एका वासराचा पाय भाजला. मलमासाठी ताक घुसळायच्या लाकडी रवीने तेल आणि रिठ्याचं पाणी जोरात घुसळलं. पण थेंब लहानमोठे झाले. मोठ्यांनी लहानांना गिळलं आणि तेल पुन्हा वर तरंगलं.

“रवीआक्का, मी बघू?” बोळकीने विचारलं.

“तू? गळकी कुठली!”

“गळते म्हणूनच तर!”

तेल पोटात घेऊन बोळकी त्या पाण्यात बसली. रवीने वरून तेल हळूच दाबलं. बारीक छिद्रांतून सारखे थेंब निघाले. कुणी कुणाला गिळेना. पांढरंशुभ्र मलम लागताच वासरू शांत झोपलं.

संध्याकाळी गोदूताईंनी बोळकी टाकायला उचलली, तर रवी दारातच आडवी पडली.

“आधी मला टाका!”