उंबऱ्याची माफी

विषय : सागवानी उंबऱ्यास मारहाण झाल्याबाबत. तक्रार : गोदी, वय वर्षे चार, हिची, तोंडी.

एकदा एक शिष्य बारा वर्षे तर्कशास्त्र शिकून घरी परतला आणि संसाराला लागला. एके सकाळी त्याची लेक गोदी उंबऱ्याला अडखळून पडली आणि रडू लागली. शास्त्र बाजूला ठेवून त्याने कोणताही बाप करतो तेच केले. उंबऱ्यावर दोन चापट्या मारल्या. म्हणाला, "हात् रे! आमच्या गोदीला पाडतोस?"

गोदी तत्काळ गप्प झाली. उपाय लागू पडल्याचे समाधान शिष्याला वाटले, ते जेवणवेळेपर्यंत टिकले. घराला दार एकच, आणि उंबरा रागावलाय म्हणून गोदी आत येईना. तीन दिवस ती अंगणात जेवली, गोठ्यात आईच्या कुशीत निजली. उरलेला वेळ उंबऱ्याकडे टक लावून बसे. लाकूड निर्जीव असते, असे शिष्याने तिला परोपरीने समजावले.

"आधी झाड होता ना तो?" गोदीने विचारले. "मग मेला कधी?"

बारा वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न आलेला नव्हता. त्या दिवसापासून दार ओलांडताना शिष्याचा पाय आपोआप उंच उचलला जाऊ लागला.

चौथ्या सकाळी त्याने वृद्ध गुरूंना बोलावून आणले. गुरूंनी पोरीची समजूत काढली नाही. उंबऱ्याला कुठे लागलेय, एवढेच विचारले. तिने बोटाने जागा दाखवली. गुरूंनी हळद कालवून तिथे लेप दिला आणि शिष्याचा हात ओढून शेजारी टेकवला. लाकूड कोमट होते. ऊन अजून दारापर्यंत आले नव्हते.

"गुरुजी, आपणसुद्धा?" शिष्य पुटपुटला.

"उंबऱ्याला लागत नाही, हे पडेपर्यंत तिला पक्कं ठाऊक होतं," गुरू हळू आवाजात म्हणाले. "मग तू मारलंस. आता एक तर उंबरा जिवंत, नाहीतर बाप खोटा. लाकडात जीव घालणं तिला सोपं गेलं, बाबा. ते मेलेलं आहे असं पटवून देशील, तेव्हा नेमकं काय मरेल ते आधी बघ."

शिष्य उंबऱ्याकडे वळला. मग लेकीच्या देखत गुडघे टेकून, हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं."

गोदीने लाकडाला कान लावला. काय म्हणतो, असे बापाने भीत भीत विचारले.

"विचार करतोय," ती म्हणाली.

सद्यःस्थिती : माफीचा अर्ज विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत अर्जदारानेही घरात पाऊल टाकलेले नाही.