धाकटा प्रधान आणि पाण्याचा तांब्या

फार पूर्वी समुद्राकाठी एक राज्य होतं. इतकं इवलंसं, की नकाशे काढणारे त्याचं नाव लिहायला जागा पुरत नाही म्हणून ते गाळूनच टाकत. राजवाड्याच्या गच्चीवर वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने उडालं, तर ते आणायला शेजारच्या राजाची परवानगी काढावी लागे. आता बोला!

पण राज्य लहान असलं तरी त्याची कीर्ती दूरदूर पसरली होती. कुठे पूर आला, कुठे साथ पसरली, कुठे पाऊस हुकला, की या राज्याची गलबतं धान्य आणि औषधं घेऊन निघत. संकटात सापडलेला मुलूख कोणाचा मित्र, कोणाचा शत्रू, हे कोणी विचारत नसे. माणसं उपाशी आहेत एवढं कळलं की पुरे.

तिथली राणी म्हणायची, "आपल्याकडे ना सैन्य, ना किल्ला. आपलं नाव चांगलं राहिलं तरच आपल्या वाटेला कोणी जाणार नाही. आणि खरं सांगू का, लोक उपाशी आहेत हे ऐकून मला स्वस्थ बसवत नाही."

राणीचे दोन प्रधान होते. थोरला प्रधान घरचा कारभार बघायचा आणि धाकटा प्रधान परमुलखात मदत पोचवायचा. धाकटा मोठा सज्जन माणूस, पण कमालीचा काटेकोर. बलाढ्य राजांची मदत त्याने जवळून पाहिली होती. ते ढोलताशे वाजवत यायचे, चार पोती धान्य टाकायचे आणि जाताना एखादं बंदर नाहीतर जंगल आपल्या नावावर करून जायचे. त्याला याची भयंकर चीड होती. म्हणून त्याने आपल्या माणसांसाठी एक नियम केला.

"आपण द्यायला जातो, घ्यायला नाही. ज्यांना मदत करायची त्यांच्याकडून फळ नाही, फूल नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. जो घेईल त्याची पगडी जाईल."

तेव्हापासून गलबतावर प्यायचं पाणीही घरून भरून नेत. लेकीच्या सासरी गेलेला जुन्या वळणाचा बाप जसा तिथल्या पाण्याला शिवत नाही, तसा त्यांचा खाक्या. धाकट्या प्रधानाला आपल्या नियमाचा इतका अभिमान, की कोणी विचारलं नाही तरी तो सांगत सुटायचा.

एका वर्षी बातमी आली, की समुद्रापार एका खडकाळ मुलखात पावसाने वर्षामागून वर्ष दगा दिला आहे आणि लोक झाडाचा पाला शिजवून खात आहेत.

थोरला प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, यंदा आपल्याकडेही पीक बेताचंच आहे. आधी घरचं बघू."

"घरचं बघूच," राणी म्हणाली, "पण आपल्याकडे बेताचं आहे आणि त्यांच्याकडे काहीच नाही. या दोन गोष्टी सारख्या नव्हेत."

घरोघरी सूप फिरलं. कोणी पायलीभर दिलं, कोणी ओंजळभर. तांदळाची आणि कुळथाची पोती भरली, गलबतं शिडात वारा घेऊन निघाली. पहिल्या गलबतावर धाकटा प्रधान स्वतः होता.

गलबतं किनाऱ्याला लागली तेव्हा अख्खा गाव वाळूवर जमला होता. माणसांच्या नुसत्या बरगड्या दिसत होत्या. पोरं आयांना बिलगून उभी होती. धाकट्या प्रधानाने लगेच पोती उतरवायला सांगितली.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. गाव तिच्या शब्दाबाहेर नव्हता. तिच्या हातात घासून लख्ख केलेला तांब्या होता.

"या बाबा, लांबून आलात," ती म्हणाली. "गुळाचा खडा न्हाई घरात, पण पाणी घ्या."

धाकट्या प्रधानाने नम्रपणे हात जोडले. "नको आजी. आमचा नियम आहे. आम्ही तुमच्याकडून काहीही घेत नाही."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. तांब्या तसाच मागे घेतला आणि ती वळली. तिच्यामागोमाग सारा गाव वळला. वाळूवर राहिली ती पोती आणि तोंडं बघत उभे असलेले खलाशी.

धाकट्या प्रधानाला वाटलं, बिचारे घाबरले. बलाढ्य राजांसारखं आपणही काहीतरी वसूल करू असं त्यांना वाटलं असणार. म्हणून तो एका खडकावर चढला आणि गावाकडे तोंड करून ओरडला, "भिऊ नका! आम्हाला तुमचं काही नको! काही म्हणजे काहीच नको!"

गावातली उघडी दारंही लागली.

सकाळ झाली. पोत्याला कोणी हात लावला नव्हता. एक पोतं उसवून थोडे तांदूळ सांडले होते. एक लहान मुलगी धावत आली आणि वाळूतले दाणे वेचू लागली. तिची आई मागून आली, तिने मुलीची मूठ उघडली, दाणे खाली झाडले आणि तिला कडेवर घेऊन चालती झाली. आई रडत होती. मुलगी तर हंबरडाच फोडत होती.

आता मात्र धाकट्या प्रधानाला राहवेना. समोर धान्य, समोर भूक, आणि मध्ये काय आडवं आलंय तेच त्याला कळेना. समुद्राच्या दमट हवेत तांदूळ किती टिकणार? तो गलबताच्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, घेऊन गावाकडे निघाला.

चढणीची वाट होती. दोन्ही बाजूंना दगडांचे बांध होते. ना चुना, ना माती, दगडावर नुसता दगड बसवलेला, पण धाकट्या प्रधानाने आधारासाठी हात टेकला तर एकही दगड हलला नाही. असे बांध त्याने कुठे पाहिले नव्हते.

म्हातारी ओट्यावर बसली होती.

"आजी, आमचं काय चुकलं?" त्याने विचारलं. "पोरं उपाशी आहेत. राग माझ्यावर काढा, पण धान्य घ्या."

"तुझ्याआधी एका मोठ्या राजाचा सरदार आला हुता," म्हातारी म्हणाली. "त्यानंबी धान्य आणलं. त्यालाबी मी पाणी दिलं. त्यानं तोंड फिरवलं. पुढं आमचं बंदर त्याच्या राजानं घेतलं, ते जाऊ दे. बंदराचं दुःख इसरलो आम्ही. पाण्याचं न्हाई इसरलो."

"पण मी तसा नाही! तुम्हाला भार नको म्हणून मी—"

"आमच्या हातचं पाणी तुला चालत न्हाई," म्हातारी शांतपणे म्हणाली, "मग तुझ्या हातचे तांदूळ आम्हाला कसे चालावेत?"

धाकटा प्रधान ओशाळला. जन्मभर त्याने ज्याला निःस्वार्थीपणा म्हटलं होतं, ते समोरच्याला असं दिसत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. किती मुलखांत त्याने असेच हात जोडले असतील, आणि किती जणांनी निरुपायाने मान खाली घालून धान्य उचललं असेल! त्याला स्वतःची लाज वाटली.

तरी तो शेवटचं बोलून बघावं म्हणून म्हणाला, "आजी, वाटेत बघितलं, तुमच्या विहिरीने तळ गाठलाय. तुमच्या पोरांच्या तोंडचं पाणी मी कसं पिऊ?"

"पाणी कमी हाय हे आम्हाला ठावं न्हाई व्हय?" म्हातारी फणकारली. "म्हणून तर तांब्या आणला. घागर न्हाई आणली."

तांडेल प्रधानाच्या कानाशी लागला. "प्रधानजी, आत चला आणि गुपचूप प्या. म्हातारीचं समाधान होईल, तुमची पगडीही राहील. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

धाकट्या प्रधानाला मोह झाला, नाही असं नाही. पगडी काय फुकट मिळते? पण तो म्हणाला, "चोरून प्यायलो, तर यांच्या हातचं पाणी ही लपवण्याची गोष्ट आहे असंच झालं की. नको. आजी, गाव बोलवा."

गाव जमला. म्हातारीने तांब्या पुढे केला. धाकट्या प्रधानाने तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी गढूळ होतं, चवीला मचूळ होतं. त्याने थेंबही न सांडता तांब्या संपवला आणि म्हणाला, "तहान लागली होती, आजी."

खरंच लागली होती. एवढी चढण चढून आला होता तो.

बस्स, मग काय विचारता! माणसं किनाऱ्याकडे धावली. पोती खांद्यावर चढली, चुली पेटल्या, गावभर भाताचा वास सुटला. पहिलं पान धाकट्या प्रधानाला वाढलं. तो मुकाट्याने जेवला, आणि वाळूतले दाणे वेचणारी ती मुलगी त्याच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी जेवली.

तो मायदेशी परतला तेव्हा तिथे निराळंच संकट उभं होतं. उधाणाच्या भरतीने समुद्रकाठचा बंधारा फुटला होता आणि भातशेतीत खारं पाणी शिरत होतं. लोक माती टाकून टाकून थकले होते. माती टाकावी आणि लाटेने न्यावी. शेजारच्या मुलखांनी माणसं देऊ केली, तर थोरल्या प्रधानाने त्यांना परत पाठवलं होतं. आपलं राज्य देतं, घेत नाही, असं ताठ मानेने सांगून!

भर दरबारात धाकट्या प्रधानाने सगळी हकिगत सांगितली. काही झाकलं नाही. मग स्वतःच्या हाताने पगडी उतरवून राणीसमोर ठेवली.

राणीला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "नियम तुमचाच होता. तो मी तुमच्यासाठी वाकवला तर लोक काय म्हणतील? आजपासून तुम्ही प्रधान नाही."

"मान्य आहे, राणीसाहेब. आता प्रधान नाही, तर एक गोष्ट मोकळेपणी सांगतो. ज्यांना आपण तांदूळ दिले त्यांच्याइतके पक्के दगडी बांध मी कुठे पाहिले नाहीत. आपला बंधारा त्यांना बांधता येईल. त्यांना बोलवा."

थोरला प्रधान ताडकन उठला. "उपाशी माणसांकडे हात पसरायचा? तुम्हाला लाज नाही वाटत?"

"पाणी हातात घेताना वाटली होती," धाकटा म्हणाला. "प्यायल्यावर गेली."

राणी उठून खिडकीशी गेली. तिथून तिला खाऱ्या पाण्याखाली गेलेली खाचरं दिसत होती. शेवटी ती म्हणाली, "गलबत काढा. तुम्हीच जा. प्रधान म्हणून नाही, आमच्या वतीने मागणारा म्हणून जा."

पुन्हा तोच किनारा, तीच चढण. म्हातारीने त्याला बघितलं आणि आधी त्याच्या उघड्या डोक्याकडे बोट केलं.

"पगडी कुठं रं?"

"तुमच्या तांब्यात बुडाली, आजी."

म्हातारी हसली. मग तिला अर्थ कळला आणि तिचं हसू मावळलं. तिने जवळ येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "लेकरा, आज काय आणलंस?"

"आज काही आणलं नाही. आज..." त्याची जीभ अडखळली. आयुष्यभर देण्याची भाषणं केलेल्या माणसाला मागायचे चार शब्द सापडेनात. "आज मागायला आलोय, आजी. आमचा बंधारा फुटलाय. शेतं खारी होतायत. आम्हाला बांधता येत नाही. तुम्ही याल का?"

म्हातारी भर रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि घसा ताणून ओरडली, "आरं ऐका रं! बाहेर या सगळी! आपल्याकडं मागायला आल्यात!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली. गेली कित्येक वर्षं जो येई तो त्यांची कीव करत येई, नाहीतर त्यांचं काही लुबाडायला येई. आपल्यावाचून कोणाचं अडलंय, हे शब्द ऐकून त्यांना किती दिवस झाले होते कोण जाणे. पाथरवट घरात धावले आणि गंजलेल्या पहारी, छिन्न्या घेऊन आले. एक म्हातारा पाथरवट खाटेवरून उठत नसे. तोही काठी टेकत आला आणि दरडावून विचारू लागला, "दगड कसला हाय तुमच्याकडं? काळा का जांभा? जांभा असंल तर मला न्यावंच लागंल, ह्या पोरांना जमायचं न्हाई!"

धाकट्याला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्याने म्हाताऱ्याला हाताला धरून गलबतात बसवलं. गलबत निघालं तेव्हा ती लहान मुलगी किनाऱ्यावरून ओरडून सांगत होती, की माझा बाबा तुमचा बंधारा बांधणार आहे, नीट बघा.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याच्या अडचणीला जरूर धावावं, पण त्याच्याकडून कधीच काही न घेऊन त्याला लहान करू नये. आपलंही त्याच्यावाचून अडतं, हे ज्याला मोकळेपणी सांगता येतं, त्याचंच दान समोरच्याच्या गळ्याखाली उतरतं.