गुरुजींची पुसलेली पाटी

एका नदीकाठच्या गावात एक गुरुजी होते, आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ते वैतागलेले असत. वैतागाचं कारण एकच होतं. मुलं बीजगणिताच्या पायऱ्या लिहीत नसत.

गुरुजींनी त्यावर नियम केला होता. पाटीवर नुसतं उत्तर दिसलं, की ओलं फडकं फिरवून पाटी साफ. उत्तर बरोबर असलं तरी साफ!

एका सकाळी कुंभाराच्या मुलीची पाटी अशीच पुसली गेली. ती रडकुंडीला आली. "पण गुरुजी, उत्तर बरोबर होतं!"

"असेल!" गुरुजी कडाडले. "पण तू तिथवर कुठून गेलीस ते मला कसं कळावं? उत्तर काय आभाळातून पडलं? उद्या चुकलीस तर चूक शोधायची कुठं? किती वर्षं घसा फोडून सांगतोय मी!"

तेवढ्यात गावचा नावाडी दारात आला. त्याची नाव नदीवर आडव्या बांधलेल्या दोराला धरून ये-जा करी, आणि तो दोर आता जुना झाला होता.

"गुरुजी, नवा दोर किती हात लागंल? नदीला ओढ लई, मोजता येत न्हाई. जुना दोर दुहेरी होता, म्हंजे नदीच्या रुंदीच्या दुप्पट. त्यातला कुजका दहा हात कापला, तर नव्वद हात उरला. नवा एकेरीच बांधायचा. गाठींना दोन्ही काठांवर पाच-पाच हात जादा धरा."

गुरुजींच्या हातात अजून फडकं होतं. एवढ्याशा गणिताला पाटी कोण घेतो? त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पन्नास हात. जा आता."

गावात दोर वळणारी एक बाई होती. तिच्या घरात तीन पिढ्या नावेचा दोर वळला जात होता. तिने महिनाभर खपून अंबाडीचा जाडजूड दोर वळला.

दोर बांधायच्या दिवशी सगळा गाव काठावर जमला. अलीकडच्या खुंटाला पाच हातांची गाठ बसली. नावाडी दुसरं टोक घेऊन पलीकडे गेला, आणि ते खुंटापासून पाच हात अलीकडेच संपलं. गाठ मारणं दूरच राहिलं.

मग काय! सगळे दोरवालीवर तुटून पडले. कुणी म्हणालं तिने अंबाडी चोरली, कुणी म्हणालं तिचा हातच आखूड आहे. बिचारीने गावाच्या मापाच्या काठीने सगळ्यांदेखत दोर मोजून दाखवला. बरोबर पन्नास हात भरला.

"मग नदी वाढली का गं?" पाटील ओरडले. "गुरुजींचं गणित चुकायचं न्हाई. काठीला दोर ताणून मोजलास तू. पुढचा दोर परगावाहून आणायचा!"

दोरवालीचे डोळे भरून आले. तीन पिढ्यांचं नाव एका दुपारी जाणार होतं.

गुरुजी मनात चरफडत होते. किती सोपं काम, तेही या लोकांना धड जमू नये! इतक्यात कुंभाराची मुलगी त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पन्नासपर्यंत कुठून गेलात?"

"अगं, एवढ्याशा गणिताला..." म्हणत गुरुजी चिडून खाली बसले आणि काडीने वाळूत लिहू लागले. नदीची रुंदी क्ष.

२क्ष − १० = ९०

दुसरी ओळ लिहायला काडी उचलली, आणि ती तशीच थांबली. वजा दहा पलीकडे गेले की अधिक दहा होतात. हे ते वर्षातून शंभर वेळा सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनी मनातल्या मनात नव्वदातून दहा वजाच केले होते. ऐंशीचे निम्मे चाळीस, वर गाठींचे दहा, म्हणून पन्नास.

२क्ष = १००
क्ष = ५०

रुंदीच पन्नास हात, वर गाठींचे दहा. साठ हात हवे होते.

वाळूतलं गणित फक्त त्या दोघांनी पाहिलं होतं. पायाने पुसून टाकलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. गुरुजींना स्वतःचा असा संताप आला, की तसा कुठल्याही मुलाचा कधी आला नव्हता. ते उठले. समोर दोरवाली मान खाली घालून उभी होती.

"थांबा!" ते ओरडले. "दोर बरोबर आहे. माझं उत्तर चुकलं. या, सगळ्यांनी बघा, इथं चुकलं!"

माणसं वाळूभोवती गोळा झाली. पाटलांची मान खाली गेली. दोरवालीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "दहाच हात कमी हाय ना? देते जोडून." त्या दहा हातांसाठी चार दिवस अंबाडी पिंजायला गुरुजी स्वतः तिच्या अंगणात बसले.

पाचव्या दिवशी शाळेत त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पन्नास हात'. मग ओलं फडकं कुंभाराच्या मुलीच्या हातात दिलं.

"पायऱ्या नाहीत," गुरुजी म्हणाले. "पूस."

तात्पर्य: पायऱ्या लिहिणं कमीपणाचं नाही. आपण पायऱ्या गाळतो तेव्हा आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसते.